ग्रांदे बेटाच्या पाण्यासाठी घरगुती एलईडी डाइव्ह टॉर्च: आधी कवच, मग उजेड

फोंड्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते यंत्र अभियांत्रिकीचे पदविकाधारक असून थंडीच्या दिवसांत गोव्यातल्या ग्रांदे बेटाजवळ नियमित डाइव्हिंग करतात आणि अधूनमधून मालवण किंवा कर्नाटकातल्या नेत्राणी बेटालाही जातात. त्यांना एलईडीचा डाइव्ह टॉर्च स्वतः तयार करायचा आहे. ६३ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, पुढे चिकटवलेली अ‍ॅक्रिलिकची चकती, मागे आट्यांची टोपी, आत ५० वॅटची सीओबी (एकाच चकतीवर अनेक चिपा असलेली) एलईडी व १२ व्होल्टची छोटी सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी आणि रबरी टोपी चढवलेले दाबाचे बटण, असा त्यांचा आराखडा आहे. हा दिवा ३० मीटरपर्यंत चालेल का, पाणी आत येऊ नये म्हणून काय करावे आणि समुद्रात नेण्याआधी तो कसा तपासावा, असे त्यांनी विचारले आहे.

या आराखड्यातील पाइप, एलईडी, बॅटरी आणि बटण या चारही गोष्टी बदलाव्यात असे माझे मत आहे. तरीही काम सोडून देऊ नये, कारण लेथवर काम करून घेण्याची ज्यांना सवय आहे त्यांच्या आवाक्यातले हे काम आहे. बहुतेक हौशी मंडळी आधी एलईडी आणि ड्रायव्हर, म्हणजे तिला ठरावीक प्रवाह पुरवणारे सर्किट, आणतात, डाग देऊन तारा जोडतात, टेबलावर लख्ख उजेड पाडतात आणि मग त्या जोडणीला बसेल असे कवच शोधू लागतात. पाण्याखालच्या दिव्यात उजेडाचा भाग सर्वांत सोपा असतो. तो उजेड निर्माण करताना होणारी उष्णता बाहेर जाऊ देणारे आणि पाणी मात्र आत येऊ न देणारे कवच हेच खरे काम आहे, म्हणून ते आधी करून, रिकामेच तपासून, मग त्यात वीज घालावी.

उजेड किती हवा, याचा निर्णय मात्र आपल्या पाण्याकडे पाहून घ्यावा. मांडवी आणि झुआरी यांचा गाळ मुरगावच्या समोरच समुद्रात येतो, त्यात प्लवकांची भर पडते आणि ग्रांदे बेटाजवळ पाच-सात मीटर दिसले तर आपण दिवस चांगला म्हणतो. अशा पाण्यात ५० वॅटची सर्वत्र पसरणारी सीओबी लावणे म्हणजे चोर्ला घाटातल्या धुक्यात गाडीचा अप्पर लावण्यासारखे आहे: समोरचा प्रत्येक कण उजळतो, पांढरी भिंत उभी राहते आणि तिच्यामागचा खडक दिसेनासा होतो. येथे अरुंद झोत उपयोगी पडतो. हवेत १० ते १५ अंशांचा झोत देणारे टीआयआर भिंग (प्रकाश आतल्या आत परावर्तित करून झोत बनवणारे) किंवा गुळगुळीत परावर्तक घ्यावा. सपाट काचेतून पाण्यात शिरताना प्रकाश वळतो आणि झोत आणखी आवळतो. हवेतील १५ अंशांचा झोत पाण्यात साधारण ११ अंशांचा होतो, तर ६० अंशांचा ४४ अंशांवर येतो. नेत्राणीच्या तुलनेने नितळ पाण्यात छायाचित्रणासाठी रुंद झोत हवा असेल तर त्याचा दिवा वेगळा करावा. एकाच दिव्यात दोन्ही साधू पाहणारा दिवा दोन्ही कामांत उणा पडतो.

रंगाचाही विचार करावा. सूर्यप्रकाशातील लाल भाग पहिल्या पाच-दहा मीटरांतच पाणी शोषून घेते, म्हणून दहा मीटरवरचा लाल-नारिंगी स्पंज करडा दिसतो आणि टॉर्च जवळ नेताच त्याचा रंग परत येतो. हे काम निळसर झाक असलेली ६५०० केल्विनची एलईडी नीट करत नाही. ४००० ते ५००० केल्विनच्या दरम्यानची, आणि मिळाल्यास ९० च्या पुढे रंगनिर्देशांक (सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात याचे माप) असलेली एलईडी घ्यावी. तिचे लुमेन थोडे कमी भरतात, ते भरू द्यावेत. ताम्रगाभ्याच्या २० मिलिमीटर चकतीवर बसवलेली क्री कंपनीची एक्सएम-एल२ किंवा तिच्या तोडीची कोणतीही एकच एलईडी ३ अँपिअरपर्यंत चालते, त्या वेळी साधारण १० वॅट खाते आणि हजाराच्या आसपास लुमेन देते. आपल्या पाण्यात रात्रीच्या डाइव्हलाही एवढे पुरेसे आहे. शिवाय बाजारातल्या ५० वॅटच्या बऱ्याच सीओबींना ३० ते ३६ व्होल्ट लागतात, म्हणजे आपल्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर त्या थेट पेटणारही नाहीत.

आता पाइपाकडे येऊ. एलईडीला दिलेल्या विजेचा मोठा भाग उष्णताच होतो. १० वॅटच्या दिव्यात सहा-सात वॅट उष्णता बाहेर काढावी लागते, ५० वॅटच्या दिव्यात तीसहून अधिक. समुद्र हा उत्तम थंडावा आहे, परंतु एलईडी आणि समुद्र यांच्यामध्ये पीव्हीसी असेल तर तो थंडावा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. ६०६१ प्रतीच्या अ‍ॅल्युमिनियमची उष्णतावाहकता साधारण १६७ वॅट प्रति मीटर-केल्विन, स्टेनलेस स्टीलची १६ च्या आसपास आणि पीव्हीसीची जेमतेम ०.२ असते. पीव्हीसीच्या नळीत एलईडी आतल्या हवेत तापत राहते, तिचा उजेड उतरतो, नळी मऊ पडते आणि चिकटवलेले सांधे सुटू लागतात. दाबाखाली पाइप गोल राहत नाही हा आणखी एक दोष, आणि जी वस्तू गोल राहत नाही तिच्यात ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणारे गोल रबरी कडे, विश्वासाने बसत नाही. म्हणून ६०६१ किंवा ६०८२ प्रतीचा अ‍ॅल्युमिनियमचा ५० मिलिमीटर व्यासाचा भरीव बार आणून तो लेथवर कोरून घ्यावा. वेर्णा, कुंडई किंवा मडकईच्या औद्योगिक वसाहतीत हे काम करणारे टर्नर भेटतात. वास्कोत बोटींच्या इंजिनांची कामे करणाऱ्या वर्कशॉपमध्येही विचारावे, कारण पंपाच्या शाफ्टची सीले रोज हाताळणाऱ्या माणसाला ओ-रिंगची खाच समजावून सांगावी लागत नाही.

एलईडीची चकती बसण्यासाठी डोक्याच्या आत त्याच धातूची, वेगळी न जोडलेली, सहा-आठ मिलिमीटर जाडीची आडवी भिंत ठेवावी. सुटी चकती दाबून बसवली तर मधल्या फटीत उष्णता अडते. त्या भिंतीवर उष्णतावाहक पेस्टचा पातळ थर देऊन एलईडी दोन स्क्रूंनी आवळावी. पेस्ट खोबणी भरण्यापुरतीच असावी, लोण्यासारखी थापू नये. स्क्रूची डोकी चकतीवरील विजेच्या पट्ट्यांना टेकत नाहीत ना, हे मल्टिमीटरने पाहून घ्यावे.

दाबाचा हिशेब फार अवघड नाही. समुद्रात दर १० मीटरला १ बार दाब वाढतो, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो. ३० मीटरवर ४० मिलिमीटर व्यासाच्या काचेवर ३८ किलोच्या आसपास भार येतो. दिवा ३० मीटरवर वापरायचा असेल तर कवच ६० मीटर धरून आखावे. ४ मिलिमीटर जाडीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या भिंतीला ६ बार म्हणजे काहीच नाही, तिच्यातील ताण चार-साडेचार मेगापास्कलच्या वर जात नाही. ती जाडी लागते खाचा आणि आटे कोरल्यावर खाली पुरेसा धातू उरावा म्हणून. काचेसाठी अ‍ॅक्रिलिक घेतले आणि आधारामधील मोकळा व्यास ३४ मिलिमीटर ठेवला तर ६ मिलिमीटर जाडीत ६ बारला सुमारे ६ मेगापास्कल ताण येतो, अ‍ॅक्रिलिकची तुटण्याची मर्यादा ७० च्या आसपास असते. ८ मिलिमीटर घेतल्यास ताण साडेतीनच्या खाली उतरतो. मी तेच घेतो. अ‍ॅक्रिलिक कधीही स्पिरिटने पुसू नये, त्यात केसासारख्या बारीक चिरा उठतात. सुपरग्लू आणि आटे चिकटवणारे द्रावण यांच्या वाफेनेही तेच होते. टफन केलेली काच ओरखड्यांना चांगली टिकते, पण ती नंतर कापता किंवा घासता येत नाही, त्यामुळे अचूक मापाचीच करून घ्यावी लागते.

काच चिकटवू नये. ती ओठावर बसवावी, ओठात खाच आणि खाचेत ओ-रिंग असावी, आणि बाहेरून आट्यांच्या कड्याने काच दाबून धरावी. या मांडणीत पाण्याचा दाब काचेला आत, म्हणजे ओ-रिंगवरच ढकलतो आणि खोलीबरोबर सील घट्ट होत जाते. येथे एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही: गळती बहुधा खोल पाण्यात सुरू होत नाही, ती पहिल्या दोन-तीन मीटरांत होते, कारण तेथे पाण्याचा दाब ओ-रिंग बसवण्याइतका नसतो आणि कड्याने दिलेला सुरुवातीचा ताणच सगळे काम करतो. म्हणून कडे हाताने घट्ट झाल्यावर काच धातूला टेकण्याच्या बेतात आली पाहिजे आणि ओ-रिंग तिच्या जाडीच्या पाचव्या हिश्शाने चेपली गेली पाहिजे.

मागच्या टोपीसाठी एकामागे एक दोन ओ-रिंगा ठेवाव्यात. जाडी २.५ मिलिमीटर, रबर नायट्राइल, कठीणपणा ७० शोअर. खाचेची खोली आणि टोपी व नळी यांमधील फट मिळून २ मिलिमीटर भरावी आणि खाचेची रुंदी ३.४ मिलिमीटर असावी. म्हणजे चेपण २० टक्के मिळते आणि खाच पाऊण भागाहून थोडी कमीच भरते, जे योग्य आहे. रबर दाबले जाते पण आक्रसत नाही, त्याला सरकायला रिकामी जागा लागते. टर्नर खाच थोडी अरुंद करून ‘अधिक घट्ट बसेल’ म्हणाला तर मान्य करू नये. नळीच्या तोंडाशी १५ ते २० अंशांचा उतार घ्यावा, नाहीतर बसवताना धारेवर ओ-रिंगची पापुद्र्यासारखी साल निघते. आटे ओ-रिंगच्या आतल्या बाजूला, तिच्याहून कमी व्यासावर असावेत, म्हणजे ओ-रिंग आट्यांवरून घासत जात नाही.

खाच तपासायची ती नखाने आणि उजेडात धरून. तिच्या तळाला लेथच्या हत्याराचे गोल-गोल ठसे असतात. ते ओ-रिंगच्या दिशेने, म्हणजे घेराबरोबर जात असतील आणि नखाला लागत नसतील तर चालते. आडवा ओरखडा मात्र एकही चालत नाही. खाचेच्या एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे गेलेली केसाएवढी रेघसुद्धा पाण्याला वाट देते, आणि अशा जागी ओ-रिंग काढून पाहिली तर ग्रीसमध्ये पांढुरकी दुधाळ वाट उमटलेली दिसते. तसे दिसले तर ग्रीस वाढवून उपयोग नाही. खाच पुन्हा फिरवून घ्यावी. ग्रीस सिलिकॉनचे, तेही ओ-रिंग चमकण्यापुरतेच लावावे. जास्त ग्रीस सील करत नाही, बागा-कळंगुटची वाळू तेवढी धरून ठेवते. ओ-रिंग सिलिकॉन रबराची असेल तर सिलिकॉन ग्रीस वापरू नये, ती फुगते.

यंत्रकाम झाल्यावर, पृष्ठभागावर ऑक्साइडचा कठीण थर चढवणारे हार्ड अ‍ॅनोडायझिंग करून घ्यावे. उघडे अ‍ॅल्युमिनियम खाऱ्या पाण्यात खड्डे पडून जाते. थराच्या जाडीचा साधारण निम्मा भाग पृष्ठभागावर वाढतो, म्हणून आट्यांना तेवढी सूट ठेवावी. अ‍ॅनोडायझिंगचा थर वीजरोधक असतो, त्यामुळे बॅटरीची ऋण बाजू कवचातून नेण्याचा विचार असेल तर ती जागा झाकून ठेवायला सांगावी. त्यापेक्षा स्वतंत्र तार नेणे बरे, कवचातून वीज वाहिली नाही की गंजण्याचे एक कारण कमी होते. स्टेनलेसचा स्क्रू बाहेरून अ‍ॅल्युमिनियममध्ये बसवणेही टाळावे. दोन धातू आणि मध्ये समुद्राचे पाणी म्हणजे एक विद्युतघटच होतो आणि त्यात झिजते ते अ‍ॅल्युमिनियम.

बॅटरीच्या बाबतीत माझा आग्रह ठाम आहे: बंद कवचात लेड-अ‍ॅसिड बॅटरी घालू नये. ‘सीलबंद’ असे लिहिलेले असले तरी तिला झडप असते, जास्त चार्ज झाली किंवा बिघडली की ती हायड्रोजन सोडते आणि तो वायू हवाबंद नळीत साठतो. एकच २१७०० आकाराचा लिथियम-आयन सेल घ्यावा, ५००० एमएएचचा, म्हणजे सुमारे १८ वॅट-तासांचा. तो नामांकित बनावटीचा असावा. ‘९९०० एमएएच’ छापलेले १८६५० सेल बाजारात सर्रास दिसतात, प्रत्यक्षात त्या आकारात चांगल्या कंपन्यांचे नेहमीचे सेलही ३५०० एमएएचच्या आसपासच असतात. संरक्षक सर्किट असलेला सेल साध्यापेक्षा चार-पाच मिलिमीटर लांब असतो, तेव्हा नळीची खोली सेल हातात आल्यावरच ठरवावी आणि स्प्रिंगला जागा सोडावी. चार्जिंगसाठी कवचाला भोक पाडू नये. सेल बाहेर काढून वेगळ्या चार्जरवर लावावा.

ड्रायव्हर साधा असावा. एएमसी७१३५ या चिपा प्रत्येकी सुमारे ३५० मिलिअँपिअर देतात. आठ चिपांचे तयार बोर्ड एकाच सेलवर २.८ अँपिअरच्या आसपास स्थिर प्रवाह देते. त्यात थोडी वीज उष्णतेत जाते, पण एक मोठा फायदा आहे: सेल उतरू लागला की उजेड हळूहळू मंदावतो. ज्या ड्रायव्हरमध्ये ठरावीक व्होल्टेजला दिवा एकदम बंद होतो तो घरात ठीक आहे, रात्री पाण्याखाली नाही. पूर्ण प्रवाहावर साधारण एक तास चांगला उजेड आणि पुढे अर्धा-पाऊण तास उतरता उजेड असा हिशेब धरावा. पूर्ण आणि मंद अशा दोनच पायऱ्या ठेवाव्यात. लुकलुकणारा प्रकार काढूनच टाकावा, पाण्याखाली चुकून लागला तर सोबत्याला तो संकटाचा इशारा वाटतो.

रबरी टोपीचे दाबाचे बटण का नको, हे आता ओघाने कळेल: पाणीच ते दाबते, शिवाय कवचाला आणखी एक भोक पडते. टोपी फिरवून दिवा लावण्याची पद्धत पुष्कळ जण वापरतात, परंतु खोलवर दाब टोपीला आत रेटतो, आटे जाम होतात आणि फिरवताना ओ-रिंग पाण्याखाली सरकते. मी बाहेर सरकत्या कड्यात चुंबक आणि आत रीड स्विच (चुंबक जवळ आला की ज्याचे संपर्क जुळतात असा) सुचवतो. अ‍ॅल्युमिनियममधून चुंबकीय क्षेत्र आरपार जाते, त्यामुळे भोक लागत नाही. रीड स्विचचे संपर्क साधारण अर्ध्या अँपिअरचे असतात, त्यांतून २.८ अँपिअर नेल्यास ते चिकटून बसतात. म्हणून रीडने एओ३४०० सारख्या कमी व्होल्टेजवर पूर्ण उघडणाऱ्या एन-चॅनेल मॉस्फेटचे (स्विचसारखे काम करणाऱ्या ट्रान्झिस्टरचे) गेट चालवावे आणि गेटपासून ऋण बाजूला १०० किलो-ओहमचा रोध लावावा. रीडचे पाय वाकवताना काचेलगत चिमट्याने धरावे, नाहीतर नळीला न दिसणारी चीर जाते. चुंबक निओडिमियमचा असेल तर त्याचा निकेलचा मुलामा समुद्रात फार टिकत नाही, तो सरकत्या कड्यात इपॉक्सीने पूर्ण बुजवावा. आणि हा दिवा होकायंत्र बांधलेल्या हातात धरू नये. गढूळ पाण्यात सुई काही अंशांनी फसली तरी बोट भलत्याच दिशेला राहते.

तपासणी तीन टप्प्यांत करावी आणि पहिल्या दोन टप्प्यांत आत वीज नसावी. कवच कोरडे करून आत टिश्यू पेपरची गुंडाळी घालावी, तिच्यावर शाईच्या पेनाने, बॉलपेनने नव्हे, काच आणि टोपी यांच्या बाजूंना रेघा ओढाव्यात. पाण्याचा थेंब आला तर शाई कोणत्या टोकाला पसरली त्यावरून दोषी सील कळते. बंद केलेले कवच ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर तोलून आकडा लिहून ठेवावा. मग ते बादलीत, हातभर पाण्याखाली, रात्रभर ठेवावे. वर सांगितलेली उथळ पाण्यातली गळती येथे पकडली जाते. दुसऱ्या टप्प्यासाठी घरगुती पाणी-गाळणीचे १० इंची प्लास्टिकचे भांडे आणि प्लंबर पाइपलाइन तपासायला वापरतात तो हातपंप पुरतो. ५० मिलिमीटरचा दिवा त्या भांड्यात बसतो. भांडे काठोकाठ पाण्याने भरून हवा पूर्ण काढावी, कारण दाबलेली हवा फुटली तर तुकडे उडतात, दाबलेले पाणी फक्त सांडते. भांड्यावर छापलेल्या कमाल दाबाच्या निम्म्यापर्यंतच जावे. ८ बारच्या भांड्यात ४ बार म्हणजे ४० मीटर झाले, आपल्या कामाला तेवढे पुरे. भांड्यावर जाड गोणपाट टाकावे आणि अर्धा तास दाब धरून ठेवावा. पंपाच्या दाबमापकाचा काटा स्थिर राहिला तरी कवच बाहेर पुसून, खाचांतले पाणी वाळू देऊन पुन्हा तोलावे, मगच उघडावे. प्रेशर कुकरमध्ये तपासणी करण्याचा सल्ला कोणी दिला तर दुर्लक्ष करावे. त्यात १ बारच्या आसपासच दाब मिळतो आणि तोही वाफेचा, ज्यात अ‍ॅक्रिलिकची वाट लागते.

आतील जोडणी झाल्यावर दिवा बंद करण्याची जागा महत्त्वाची ठरते. आपल्याकडची हवा दमट, त्यात ऑक्टोबरचा उकाडा. अशा हवेत बंद केलेला दिवा पाण्यात गार झाला की काचेवर आतून धुके धरतो आणि माणूस गळती समजून घाबरतो. वातानुकूलित खोलीत, सिलिका जेलची ताजी पुडी आत टाकून तो बंद करावा. बोटीवर उघडू नये. दोन डाइव्हच्या फेरीत दुसऱ्या डाइव्हला उजेड पुरावा म्हणून पहिल्या डाइव्हला मंद पायरी वापरणे हे हलत्या बोटीत, खाऱ्या तुषारांत सेल बदलण्यापेक्षा शहाणपणाचे आहे. हवेत पूर्ण प्रवाहावर दिवा एखाद्या मिनिटापेक्षा जास्त जाळू नये, त्याचा थंडावा पाण्यातच आहे.

तिसरा टप्पा समुद्रातला. पहिल्यांदा तो दिवसाच्या डाइव्हला, उथळ पाण्यात, दोरीने बांधून न्यावा. ग्रांदे बेटाच्या आसपासच्या बहुतेक डाइव्ह पंधरा मीटरच्या आत-बाहेर होतात, सुरुवातीला तेवढी खोली पुरे. आपण केलेला दिवा, कितीही तपासलेला असला तरी, रात्रीच्या डाइव्हला एकमेव दिवा म्हणून नेऊ नये. विकत घेतलेला छोटा दिवा बीसीडीच्या (तरंगण्यावर ताबा ठेवणाऱ्या जॅकेटच्या) खिशात असलाच पाहिजे. ग्रांदेजवळच्या सुझीज रेकसारख्या बुडालेल्या जहाजाच्या ठिकाणी पत्र्यांच्या आत डोकावण्याचा मोह होतो. छप्पर असलेल्या कोणत्याही जागेत शिरण्यासाठी वेगळे प्रशिक्षण लागते, दिव्याने ते भरून निघत नाही.

दिव्यात पाणी शिरलेच तर काय करावे, हेही आधी ठरलेले असावे. खारे पाणी आणि लिथियम सेल एकत्र आले की विद्युतविच्छेदनाने वायू निर्माण होतो, सेल स्वतःही तापून वायू सोडू शकतो, आणि वर येताना बाहेरचा दाब कमी होत गेल्यावर तोच वायू टोपीला आतून रेटतो. आट्यांची टोपी शेवटचा आटा सुटेपर्यंत धरून ठेवते आणि मग गोळीसारखी सुटते. म्हणून टोपीच्या मध्यभागी सहा-आठ मिलिमीटरचा, एकाच ओ-रिंगने धरलेला आणि आतून दाब आला की बाहेर सरकणारा छोटा दट्ट्या ठेवावा. बाहेरचा दाब त्याला आत बसवतो, आतला दाब त्याला बाहेर काढतो. दोरीच्या तुकड्याने तो टोपीला बांधावा, म्हणजे हरवत नाही. दट्ट्या असो वा नसो, भिजलेला दिवा उघडताना दोन्ही टोके चेहऱ्यापासून आणि माणसांपासून दूर धरावीत, काम उघड्यावर करावे, गाडीच्या डिकीत तो तसाच टाकून घरी आणू नये. भिजलेला सेल पुन्हा वापरायचा नाही.

डाइव्हनंतर दिवा न उघडता गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवावा. नळाची जोराची धार सांध्यावर मारू नये, ती खाचेत मीठ आणि वाळू ढकलते. पावसाळ्यात आपल्या बोटी बंद असतात, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारीही बंद असते, तेव्हा ओ-रिंगा काढून पिशवीत ठेवाव्यात, सेल निम्मा चार्ज म्हणजे ३.७-३.८ व्होल्टवर बाहेर ठेवावा आणि नव्या मोसमात नव्या ओ-रिंगा चढवाव्यात. ओ-रिंग चार-सहा महिने दाबलेली राहिली की चपटी होते, हातात घेऊन बोटांत फिरवली की एक बाजू सपाट लागते. ती टाकून द्यावी.

जाता जाता दोन व्यवहारी गोष्टी. बोटीवर हा दिवा ‘मासेमारीचा एलईडी’ वाटू नये याची काळजी घ्यावी. एलईडी दिव्यांनी मासे जमवून पकडण्यावर केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंदी घातली आहे आणि रापणकार व पारंपरिक मच्छीमारांचा त्याबाबतचा राग रास्त आहे. हातातला १० वॅटचा टॉर्च वेगळा, पण अंधारात किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला ते कळत नाही, म्हणून रात्रीच्या डाइव्हची माहिती स्थानिक बोटवाल्यांना आधी द्यावी. आणि अंदमान किंवा लक्षद्वीपला जाताना दाबोळी किंवा मोपा विमानतळावर दिवा सेलसकट बॅगेत टाकू नये: सेल काढून, त्याचे टोक झाकून, हातातल्या सामानात न्यावा. १८ वॅट-तास हे १०० वॅट-तासांच्या मर्यादेच्या खूप आत आहेत, परंतु लेथवर कोरलेले धातूचे नळकांडे आणि आत तारा दिसल्यावर तपासनीस थांबवणारच, तेव्हा टोपी उघडून दाखवता येईल अशी सैल ठेवावी आणि ग्रीसची छोटी नळी व जादा ओ-रिंगा सोबत ठेवाव्यात, कारण तेथे उघडलेले सील पुन्हा पुसून, ग्रीस लावूनच बंद करावे लागेल.